गुडघे असलेला पूल

लोखंडास आकार देण्यापूर्वी तो आकार एकदा लाकडात जन्मास घालावा लागतो. त्या लाकडी आकारास ओतकामाच्या धंद्यात पॅटर्न म्हणतात आणि तो घडविणाऱ्यास मिस्त्री. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्या काळी बहुतेक पॅटर्न यंत्रेच छापू लागली होती, त्या काळीही सर्जेराव सुतार या मिस्त्रीच्या दारात कारखानदार वाट पाहत उभे असत. कारण एकच होते. जादा किती ठेवायचे, हे त्याच्या हाताला कळत असे.

हे जादाचे प्रकरण आरंभीच सांगून ठेवणे अवश्य आहे, कारण पुढील सारा अनर्थ त्यातूनच उद्भवला. वितळलेले लोखंड निवताना आकसते. पुढे लेथवर त्याची कातडी सोलली जाते. ही तूट भरून निघावी म्हणून पॅटर्नमध्ये मूळ मापाहून थोडे जादा ठेवतात. तथापि जादा म्हणजे सर्व बाजूंनी मोठे, असे जो समजला तो फसला. ज्या बाजूने हत्यार कापत जाणार, त्या बाजूला धातू शिल्लक हवा. म्हणून बाहेरचा घेर मोठा करायचा, पण आतले भोक मात्र लहान ठेवायचे. सतराव्या वर्षी उमेदवारी करताना सर्जेरावाने एका पंपाच्या पॅटर्नमध्ये भोकच मोठे केले होते. बारा कास्टिंग, म्हणजे ओतलेले नग, वाया गेली. त्याच्या उस्तादाने घण हाती दिला, बाराही नग सर्जेरावाकडून फोडून घेतले आणि ते तुकडे पुन्हा भट्टीत टाकावयास लावले. बिघडलेला माल पुन्हा वितळवता येतो, हे ह्या धंद्याचे औदार्य आहे. सर्वच धंद्यांत ते नसते.

त्यास एकच अपत्य होते. हर्षाली, वय वर्षे अकरा, इयत्ता सहावी. शाळा सुटली की दप्तरासह ती थेट वडिलांच्या कारखान्यात येई आणि सागवानाच्या टाकाऊ तुकड्यांच्या राशीत बसून जाई. कोल्हापूरच्या पोरींच्या रीतीप्रमाणे ती "मी येतो, मी जातो" असेच बोलत असे. तिची जीभ आणि हात, दोन्हीही क्षणभर स्वस्थ नसत.

एके दिवशी तिने हातभर लांबीचा एक पूल केला. त्याला चार पाय होते आणि प्रत्येक पायाला मध्यभागी सांधा होता.

सर्जेरावाने विचारले, "पुलाला सांधं कशाला?"

"गुडघे हायत ते," ती म्हणाली. "पूल दिवसभर उभाच असतोय की. दमत नसंल? माणसं नसली की मी त्याला खाली बसवतो."

असे म्हणून तिने पुलावर तळहात ठेवला आणि हलकेच दाबले. चारही गुडघे वाकले आणि पूल एखाद्या म्हशीसारखा जमिनीवर बसला. सर्जेराव हसला. सांध्यातील खुंट्या तिने पाव मिलिमीटरच्या बिनचूकपणाने बसविल्या होत्या, हे त्याच्या नजरेतून सुटले नाही. परंतु त्याच आठवड्यात सहामाहीचे पेपर घरी आले. 'पुलाचे उपयोग लिहा' या प्रश्नाखाली तिने दमलेल्या पुलाविषयी तीन पाने लिहिली होती आणि पाचपैकी शून्य गुण मिळविले होते. गणितात शंभरपैकी तेवीस होते.

त्या रात्री सर्जेराव ते पेपर पुन्हा पुन्हा चाळीत बसला. ज्या धंद्यावर त्याचे घर उभे होते, तो धंदा यंत्रे गिळीत चालली होती. दमलेल्या पुलाच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलीला पुढे कोण विचारणार, ह्या एकाच विचाराने त्याचे काळीज पोखरले.

नेमक्या त्याच सुमारास 'तोलक' शाळेत आला.

मुलांना कल्पनेचे पंख द्यावेत की पोटापाण्याची विद्या द्यावी, ह्या प्रश्नावर शिक्षणखात्यात वर्षानुवर्षे भांडण चालले होते. एका मंत्र्याने चित्रकलेचे तास वाढवावेत आणि त्याच्यानंतरच्याने ते रद्द करावेत, असा क्रमच पडून गेला होता. शेवटी एका कंपनीने सांगितले की हे भांडण वेळापत्रकात मिटणारे नाही. ते मेंदूतच मिटविता येईल.

शाळेच्या सभागृहात सहावीच्या वर्गाचे पालक जमले. त्या शाळेतील झाडून सारी मुले ओतशाळांतील आणि लेथच्या कारखान्यांतील कामगारांची होती. मंचावर कंपनीचे डॉक्टर नचिकेत खांबेटे उभे होते. तरुण, सालस आणि मराठी नीट बोलणारे. त्यांनी जे समजाविले ते असे.

माणसाच्या मेंदूत पेशींची दोन मोठी जाळी असतात. एक जाळे समोरच्या कामाला जुंपलेले असते. बेरीज करणे, खिळा ठोकणे, रस्ता ओलांडणे ही त्याची कामे. दुसरे जाळे हातातले काम सुटले की जागे होते. जुन्या आठवणी, मनोराज्ये, 'असे झाले तर' हा खेळ, उद्याचे चित्र, समोरच्याच्या मनात काय चालले असेल याचा अदमास, हे सारे त्या दुसऱ्या जाळ्यात विणले जाते. एक जागे असता दुसरे निजते. ह्या दोहोंच्या मध्ये, रेल्वेचे रूळ बदलणाऱ्या माणसासारखे, एक तिसरे केंद्र बसलेले असते. आता दहा ते चौदा या वयात मेंदू आपली स्वतःची छाटणी करीत असतो. वापरातले धागे जाड होतात आणि पडून राहिलेले तोडले जातात. ह्याच वयात त्या रूळ बदलणाऱ्या केंद्रावर कानास ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडल्या, तर दोन्ही जाळ्यांतील वाटणी हवी तशी बसविता येते. तोलक दिसावयास मुलींच्या केसांतील हेअरबँडसारखा होता. रोज चाळीस मिनिटे, असे नव्वद दिवस तो घालावयाचा. त्याच्या कपाळावरील भागी मण्याएवढा दिवा होता. मूल कामाकडे लक्ष देत असता तो पांढरा जळे, मन भटकू लागताच निळा होई.

पहिल्या मापनाच्या दिवशी हर्षालीचा दिवा एकदाही पांढरा झाला नाही. शेजारी आपल्या अयानला घेऊन इक्बाल मुल्लाणी बसला होता. तो वाळूचे साचे भरणारा मोल्डर आणि सर्जेरावाचा पंचवीस वर्षांचा सोबती. तो म्हणाला, "मिस्त्री, पोरीच्या डोस्क्यात रंकाळा तलाव भरलाय जणू. म्हशी धुवायला आणू का?" सगळे हसले. सर्जेराव हसला नाही.

पालकांनी संमतिपत्रावर एक आकडा लिहावयाचा होता. मुलाच्या मनाचा शंभरापैकी किती हिस्सा व्यवहाराकडे असावा, हा तो आकडा. कंपनीची शिफारस पन्नासची होती. चाळीसपासून सत्तरपर्यंत काहीही लिहिण्याची मुभा होती.

सर्जेराव उभा राहिला. तोलक काढल्यानंतर बसविलेला आकडा तसाच टिकतो काय, असे त्याने विचारले. डॉक्टर म्हणाले की थोडासा सैलावतो. चाचण्यांमध्ये पाच-सहा अंकांनी मागे आलेला दिसला आहे.

एवढे ऐकताच सर्जेरावाच्या मनात आपल्या धंद्याचे सारे शहाणपण उसळून आले. त्याने वळून सभागृहाकडे तोंड केले.

"मंडळी, डॉक्टरसाहेब काय म्हणाले ऐकलंत न्हवं? निवल्यावर आकसणार. आता आकसणार हे ठाऊक असताना नेमक्या मापाला कोण ओततंय? पन्नास पाहिजे असंल तर पासष्ट लिवा. जादा झालं तर तासता येतं. कमी पडलं तर काय चिकटवणार हाय?"

सभागृहात मोल्डर होते, टर्नर होते, फिटर होते. त्यांच्यापैकी एकालाही ह्या बोलण्यात दोष दिसला नाही. माना डोलल्या आणि पेने चालू लागली. सर्जेरावाची बायको वैजयंता मात्र त्याच्या बाहीला हात लावून हळूच म्हणाली, "अहो, पन्नासच लिहा. पोर हाय ती." ती अंगणवाडीत सेविका होती आणि लहान मुलांत तिची वीस वर्षे गेली होती. सर्जेरावाने तिला धीर दिला आणि सुबक अक्षरात ६५ हा आकडा लिहिला.

नव्वद दिवसांत जे घडले त्याने घरात दिवाळी आली. हर्षाली सांगितल्याशिवाय अभ्यासास बसू लागली. वार्षिक परीक्षेत गणितात एक्क्याण्णव गुण पडले. सुटीत ती कारखान्यात येऊन ड्रॉइंग वाचू लागली आणि एकदा तर ग्राहकाच्याच नकाशातील चूक तिने काढून दिली. पुढे पुढे ती "मी येतो" असे न म्हणता पुस्तकाप्रमाणे "मी येते" असे म्हणू लागली. सर्जेरावाला त्याचेही कौतुक वाटले. त्याने पेढे वाटले. इक्बाल म्हणाला, "मिस्त्री, आता तुम्ही घरी बसा. दुकान पोरगीच चालवंल."

पहिला ओरखडा उठला तो पुढच्या जूनमध्ये. सर्जेराव सकाळी कारखान्यात आला तेव्हा हर्षालीने गुडघ्यांचा पूल सुटा केला होता. फळ्या एकीकडे, पाय एकीकडे, खुंट्या जाडीप्रमाणे लावलेल्या. सर्व तुकडे तिने एका झाकणाच्या खोक्यात भरले आणि वर चिठ्ठी लावली, 'सागवान, वापरण्यायोग्य'.

त्याने विचारले, "पूल का मोडलास?"

"वापरात नव्हता," ती म्हणाली.

उत्तर बरोबर होते. तरीही त्याच्या हातातील पटाशी कितीतरी वेळ तशीच अधांतरी राहिली.

पुढे वैजयंताची आई वारली. सारे उरकून घरी पोचताच वैजयंता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली आणि रडू लागली. हर्षाली तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने विचारले की काही आणायचे आहे काय. आई मानेने नाही म्हणाली. डॉक्टरांना बोलवायचे आहे काय, असे तिने विचारले. आई पुन्हा नाही म्हणाली. "मग मी अभ्यासाला बसते," असे म्हणून ती निघून गेली. तिच्या बोलण्यात निष्ठुरपणा नव्हता. करण्याजोगे काही उरले नव्हते, एवढेच तिला दिसले. त्या रात्री वैजयंता नवऱ्यास म्हणाली, "पोर घरात हाय, पण आत कुणी न्हाई हो." सर्जेरावाने तिला गप्प केले आणि पहाटेपर्यंत छताकडे पाहत राहिला.

आणि मग सप्टेंबरात तिवडे मॅडम स्वतः कारखान्यात आल्या. सातवीला मराठी शिकविणाऱ्या ह्या बाई पंधरा वर्षांत कधी कुणाच्या दारी गेल्या नव्हत्या. त्यांनी पिशवीतून निबंधाच्या वह्या काढल्या आणि लाकडाच्या भुशाने माखलेल्या टेबलावर मांडल्या. विषय होता 'मी पक्षी झाले तर'. हर्षालीच्या वहीत एकच वाक्य होते. 'मी पक्षी नाही.'

त्याखाली त्यांनी अयानची वही उघडली. मग तिसरी, मग चौथी.

"त्रेचाळीस मुलं आहेत वर्गात," त्या म्हणाल्या. "एकतीस वह्यांत हेच आहे, मिस्त्री. मी आधी मुलांवर रागावले. कुणीतरी खोडी काढली असं वाटलं. मग एकेकाला जवळ घेऊन विचारलं. त्यांना प्रश्नच कळत नाही हो. 'झाले तर' म्हणजे काय, हेच कळत नाही."

डॉक्टर खांबेटे तिसऱ्या दिवशी पुण्याहून धावत आले. मुलांना पुन्हा मापले. हर्षालीचा आकडा त्र्याण्णव भरला.

डॉक्टर प्रामाणिक गृहस्थ होते. त्यांनी काही लपविले नाही. चाचण्या सगळ्या पन्नाशीच्या आसपास झाल्या होत्या, असे ते म्हणाले. तेथे दोन्ही जाळी दिवसभरात आलटून पालटून चालतात, म्हणून तोलक काढल्यावर मन थोडे सैलावते. पण आकडा साठाच्या पुढे गेला की भटकणारे जाळे फार वेळ पडून राहते. मेंदूची छाटणी तर चालूच असते. पडून राहिलेले ते निरुपयोगी समजून तो तोडतो. तोडले की ते आणखी कमी चालते, कमी चालले की आणखी तुटते. ही घसरण आपोआप थांबत नाही.

"आम्हाला एक कोडं सुटत नाही," ते म्हणाले. "बाकी सगळ्या राज्यात लोकांनी पन्नास लिहिलं, फार तर पंचावन्न. ह्या एकाच शाळेची सरासरी चौसष्ट आहे. का?"

सर्जेराव खुर्चीवर खिळून बसला होता. त्याच्या डोळ्यांसमोर बारा कास्टिंग उभी राहिली आणि उस्तादाच्या हातातला घण दिसला. जिथून कापले जाणार, तिथे जादा ठेवायचे. पोरीच्या मनातून कापली जाणार होती ती भटकंती, आणि जादा त्याने ठेवले होते व्यवहाराच्या बाजूला. उमेदवारीतली चूक त्याने पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा केली होती. तीही एका नगात नव्हे, एकतीस नगांत.

"मी सांगितलं त्यांना," तो म्हणाला. "सगळ्यांना मीच सांगितलं."

परत फिरण्याचा मार्ग एकच होता आणि तो फार अरुंद होता. तोलक उलटा चालविता येत असे. मात्र तो नवीन काही निर्माण करू शकत नव्हता. भट्टीचा ब्लोअर निखारा फुलवितो, पण निखारा आणून देत नाही, तसेच हे होते. मुलाचे मन चाळीस मिनिटांत एकदा जरी आपण होऊन भटकले आणि दिवा क्षणभर निळा झाला, तर तोलक त्या क्षणाला धरून वाढवीत नेईल. दिवा निळा झालाच नाही, तर सारे व्यर्थ. हर्षालीचे राहिलेले धागे किती दिवस टिकतील, ह्याचा हिशोब करून डॉक्टरांनी एकवीस दिवस सांगितले.

शाळेच्या प्रयोगशाळेत बैठका सुरू झाल्या. शेजारी शेजारी बाके, बाकावर मूल, समोर आई किंवा बाप. एकतीस पांढरे दिवे.

सर्जेरावाने दुकान बंद केले. आलेले काम परत पाठविले. त्याने एका वहीत रेघा मारून तक्ता केला. सोमवारी परीकथा, मंगळवारी ढगांचे आकार, बुधवारी कोडी, गुरुवारी चित्रे. आयुष्यात कधी गोष्ट न सांगितलेला तो माणूस रात्रभर गोष्टी पाठ करी आणि सकाळी लेकीसमोर म्हणून दाखवी. राक्षसाची गोष्ट ऐकून ती विचारी की राक्षसाची उंची किती होती. तो उंची सांगे. मग ती म्हणे की एवढ्या उंचीला तो दरवाजा पुरणार नाही. दिवा पांढराच राही. ढग दाखविला तर ती ढगाचा प्रकार सांगे. प्रत्येक बैठकीनंतर ती तोलक काढून जागेवर ठेवी आणि विचारी, "उद्या किती वाजता?" तिने एकदाही कंटाळा केला नाही. कंटाळली असती तर त्याने तेथेच तिचे पाय धरले असते, कारण कंटाळलेले मन भटकते.

नवव्या दिवशी अयानचा दिवा निळा झाला. पुरते दोन सेकंद. प्रयोगशाळेत कुणीतरी हुंदका दिला. अयानचा बाप इक्बाल खाली मान घालून बसलेला होता. त्याने ओतशाळेतून ओल्या वाळूची घमेली आणून मुलाचे हात त्यात घातले होते आणि नऊ दिवस तो त्याच्याशी एक अक्षर बोलला नव्हता.

बाहेर व्हरांड्यात सर्जेरावाने त्याला गाठले आणि त्याच्यापुढे हात जोडले. वाळूचे प्रमाण काय, पाणी किती, हात किती खोल, असे तो विचारू लागला. आकडा कुणाच्या सांगण्यावरून लिहिला होता, हे त्या दोघांपैकी कुणीही बोलले नाही. शेवटी इक्बाल म्हणाला, "मिस्त्री, तसलं काय न्हाई. तुम्ही तिला काम लावताय. गोष्ट ऐकायचं काम, ढग बघायचं काम. जरा तिला रिकामी सोडा की."

बोलणे सर्जेरावाला पटले. पण रिकामे सोडणे म्हणजे काय करावयाचे, हे त्याला उमजेना. तो गप्प बसे तेव्हाही त्याचे डोळे तिच्या कपाळावरील दिव्यास लागलेले असत. ती ते ओळखी आणि विचारी, "आता मी काय करायचं आहे?" काही नाही, असे तो म्हणे. मग ती खिडकीचे गज मोजी.

पंधरावा दिवस गेला. अठरावा गेला. आणखी सात मुलांचे दिवे निळे झाले. बाकीचे पालक सर्जेरावाकडे पाहीनासे झाले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरे वाटले असते.

एकविसावा दिवस सोमवार होता. उद्यमनगरास सुटी. भट्ट्या थंड, रस्ते सामसूम. सर्जेराव आदल्या दिवशी दुकान उघडून बसला होता आणि खोक्यातील सागवानाच्या तुकड्यांतून त्याने तो पूल पुन्हा जुळविला होता. जो माणूस नुसत्या नजरेने अर्धा मिलिमीटर ओळखी, त्याला आपल्या मुलीने केलेला पूल नीट आठवेना. तो त्या वेळी हसला होता, खुंट्यांचे मापही त्याने पाहिले होते, पण पूल पाहिला नव्हता. सांधे कसे बसविले होते, पाय आत वळत होते की बाहेर, काही केल्या ध्यानात येईना. त्याने जमेल तसा तो उभा केला.

प्रयोगशाळेत त्याने पूल तिच्यापुढे ठेवला. तिवडे मॅडमनी तोलक तिच्या डोक्यावर बसविला. वैजयंता दारात उभी होती.

हर्षालीने पुलावर हात ठेवून दाबले. पूल बसला नाही. एका अंगावर कलला आणि अडकला.

"गुडघे उलट्या बाजूला बसवलेत, पप्पा," ती म्हणाली. तिने खुंट्या काढल्या, पाय फिरविले, पुन्हा बसविले. तिचे हात भराभर चालत होते. पूल उभा राहिला. दिवा लखलखीत पांढरा होता.

सर्जेरावाने काही न बोलण्याचे ठरविले होते. पस्तीस मिनिटे तो बोललाही नाही. मग मात्र त्याचा बांध फुटला.

"हर्षा," तो म्हणाला, "पूल दमत असंल का गं?"

तिने पुलाकडे नीट पाहिले. वडिलांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाकडे ती तसेच नीट पाहत असे.

"नाही. लाकूड दमत नाही."

"व्हय," सर्जेराव म्हणाला. "पण दमत असता तर?"

ती उत्तर देण्यासाठी थांबली. दारातून वैजयंता एक पाऊल पुढे आली. दिवा पांढरा जळत होता. मग चाळीस मिनिटे झाल्याची सूचना वाजली. तिवडे मॅडमनी दोनदा घड्याळ पाहिले, आणखी पाच मिनिटे तोलक तसाच राहू दिला आणि मग डोळे पुसून तो काढून घेतला. नियमाप्रमाणे त्यांनी तो पेटीत ठेवून पेटी बंद केली. तोलक परत नेण्यासाठी कंपनीची पुण्याची गाडी दारात उभी होती.

तिघे घरी निघाली. पूल हर्षालीच्या हातात होता. दुकान वाटेवर होते. सामान जागच्या जागी ठेवावे म्हणून ती आत शिरली, तेव्हा सर्जेरावही तिच्या मागोमाग गेला आणि भुशाच्या ढिगाजवळ खाली बसला. उन्हे कलली होती. पत्र्याच्या फटीतून पडलेली तिरीप टेबलावर आली होती.

हर्षालीने रिकामे खोके पुढे ओढले. या वेळी तिने पूल सुटा केला नाही. तिने त्यावर तळहात ठेवला आणि हलकेच दाबले. चारही गुडघे वाकले. बसलेला पूल तिने तसाच उचलून खोक्यात ठेवला.

सर्जेराव पुढे झुकला. "का गं बसवलास त्याला?" त्याने विचारले.

"उंची कमी होते," ती म्हणाली. "उभा ठेवला तर झाकण लागत नाही."

त्याने मान हलविली. डोळ्यांसमोरचे दुकान धूसर झाले. ती हात झटकून, चप्पल सारखी करून दाराबाहेर पडली. आईबरोबर चालू लागल्याचा तिच्या पावलांचा आवाज त्याने ऐकला.

किती वेळाने कोण जाणे, पण तो उठला. दुकानास कुलूप लावावयाचे होते. टेबलाजवळून जाताना त्याची नजर खोक्यावर गेली. पूल गुडघे मोडून आत बसला होता आणि तिरीप सरकत सरकत त्याच्या पाठीवर आली होती. झाकण बाजूला पडले होते. ते तिने लावलेच नव्हते.

सर्जेरावाने ते झाकण उचलले. खोक्याच्या मापाशी ताडून पाहिले. ते बिनचूक बसत होते. विसरणे तर तिच्या स्वभावात उरले नव्हते. झाकणासाठीच पूल बसविला होता, तर मग ते का लावले नसेल? दारात जाऊन हाक मारली असती, तर ती मागे वळली असती आणि तिने नीट, मुद्देसूद उत्तर दिले असते.

म्हणूनच त्याने हाक मारली नाही. झाकण जसे पडले होते तसेच त्याने परत ठेवले आणि कुलूप हातात घेऊन तो उजेड पुरता जाईपर्यंत तेथेच उभा राहिला.